पडून आलेलं गिऱ्हाईक

"काका, ही पँट घालून तुम्ही स्वतः कधी पडून पाहिलंय का?"

दुकानदार हातातली मोटरसायकलवर घालायची राखाडी पँट तशीच हवेत धरून मुलीकडे बघत राहिला, आणि मुलीनेही नजर खाली घेतली नाही. गेल्या वर्षीची ती असती, तर हा प्रश्न पोटातच राहिला असता आणि कान तेवढे लालबुंद झाले असते. गेल्या वर्षी वर्गातल्या मैत्रिणी तिला 'म्यूट' म्हणायच्या. मग शाळेच्या नाटकात पहारेकरी झालेली मुलगी आजारी पडली आणि ऐनवेळी हिला पुढे ढकललं. वाक्य एकच होतं, "कोण आहे तिकडे?" ते तिने असं काही ठोकलं, की शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारे पालक दचकून सरळ बसले. त्या दिवसापासून म्यूटचा भोंगा झाला, आणि भोंग्याला स्वतःचा आवाज भलताच आवडायला लागला.

आजचा प्रश्न मात्र मैत्रिणींनी लावून दिलेला. "आईबरोबर पडायची पँट आणायला चाललीस ना? मग विचारून दाखव. नाही विचारलंस तर उद्यापासून पुन्हा म्यूट."

दुकानदार अखेर हसला.

"मी कशाला पडू? मी विकतो. पण एक सांगतो हं बाळ, इथे येणारं गिऱ्हाईक बहुतेक पडून झाल्यावरच येतं. आधी कोणी येत नाही. आधी सगळे म्हणतात, एवढी जाड पँट कशाला, आम्ही काय शर्यतीत जातोय?" मग तो आईकडे वळला. "खरं की नाही ताई?"

आई हातमोजे बघत होती. उलटसुलट करून, शिवण ताणून, अगदी बारकाईने. हातमोजे घ्यायचे नव्हतेच.

"मी आपली सहजच आले," ती म्हणाली. "रस्ते किती खराब झालेत. शिवाय ऑफिसातल्या बऱ्याच जणांनी घेतल्यात. आणि ही म्हणे नुसती ओल्या फडक्याने पुसली तरी स्वच्छ होते."

मुलीच्या डोक्यात कुठेतरी टिंग झालं.

आई विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायची. या गॅरेजातून त्या गॅरेजात दिवसभर मोटरसायकलवरून हिंडायचं, चेपलेल्या दारांचे फोटो काढायचे आणि मालकाला विचारायचं, कसं झालं? संध्याकाळी घरी आली की ती मालकांच्या नकला करायची. "मॅडम, मी तर अगदी सावकाश होतो." "मॅडम, माझी गाडी उभीच होती, खांबच अंगावर आला." मुलगी हसून हसून लोळायची, आणि त्या हसण्यातच तिने आईची सगळी विद्या उचलली होती. त्यातला पहिला धडा हा: खरं बोलणाऱ्याकडे एकच कारण असतं. खोटं बोलणारा तीन घेऊन येतो, म्हणजे एक निसटलं तरी दोन हाताशी राहतात.

रस्ते, ऑफिस, ओलं फडकं. तीन.

मुलीने आईकडे पाहिलं. आईने हातमोजे खाली ठेवले.

"यात आणखी कोणत्या आहेत? मला अशी हवी, की कोणाच्या ऑफिसात जाऊन बसले तर पँट म्हणून दिसली पाहिजे. चिलखत नको."

दुकानदाराला हे ऐकायची सवय असावी. त्याने काउंटरवर एकेक मांडायला सुरुवात केली. पहिल्या पँटवर कंपनीच्या नावाची मांडीभर अक्षरं होती. आई म्हणाली, "ही घालून गेले तर लोक मलाच जाहिरातीचे दर विचारतील." दुसरी काळी, दिसायला बरी, पण आई ती घालून दोन पावलं चालली आणि पायापायांत सुर्र सुर्र असा आवाज निघाला.

"नको गं बाई," आई म्हणाली. "मी दारात असताना पँट आत जाऊन बसलेली असेल."

तिसरी तीच राखाडी. कापड थोडं ताणलं जाणारं, आतून मऊ, गुडघ्याशी आतल्या अंगाने कप्पा, त्यात हाताच्या तळव्याएवढं जाड पॅड. तसलंच एकेक दोन्ही खुब्यांवर. बाहेरून बघितलं तर शिक्षिकेने घालावी अशी साधी पँट.

"उभं राहून ठरवू नका," दुकानदार म्हणाला. "उभं असताना गुडघ्यात कोणीतरी वाटी बांधल्यासारखं वाटणार. बसून बघा."

दुकानाच्या कोपऱ्यात लोखंडी घोड्यावर एका जुन्या मोटरसायकलची सीट ठोकलेली होती. समोर हँडलचा दांडा. आई राखाडी पँट घालून तिच्यापाशी गेली. मुलीने हजार वेळा पाहिलं होतं, आई गाडीवर कशी बसते: बोलता बोलता, किल्ली शोधता शोधता, उजवा पाय सहज मागून फिरवून. आज आईने एक हात हँडलवर ठेवला, दुसऱ्या हाताने पँटचं कापड मांडीवर धरलं आणि पाय, एखादी वस्तू उचलून पलीकडे ठेवावी तसा, पलीकडे ठेवला. ओठ घट्ट मिटलेले.

"दुखतंय?" मुलीने विचारलं.

"नवीन कापड आहे. ताठ असतं."

पण ते कापड तर ताणलं जाणारं, आतून मऊ होतं.

"मस्त बसली," दुकानदार म्हणाला. "उंची तेवढी जास्त आहे. आमचा शिंपी वरच बसतो, अर्ध्या तासात करून देईल."

"हो हो," आई पँट बदलून येऊन ती काउंटरवर ठेवत म्हणाली. "इथेच करून द्या."

यावर मुलीचं तोंड उघडंच राहिलं. तिचे बाबा शिंपी होते. आईच्या अंगावर आजवर दुसऱ्या शिंप्याचा टाका पडलेला नव्हता. एकदा मावशीने हौसेने आईला शिवलेला कुडता आणून दिला, तर बाबांनी तो रात्रभर खुंटीवर टांगलेला बघितला आणि सकाळी उसवून पुन्हा शिवून काढला. त्या घरातली बाई पँटची उंची कमी करायला परक्या शिंप्याकडे देणार? हे म्हणजे अजबच झालं.

"बाबा करतील की!" मुलगी म्हणाली. आवाज अर्थातच भोंग्याचा.

"असं होय? मिस्टर शिंपी आहेत?" दुकानदाराने पँटची घडी घातली. "मग घरचंच काम. मी कशाला हात लावू!"

आईने लेकीकडे असं काही पाहिलं, की त्या नजरेने दूध नासलं असतं.

बाहेर येऊन हेल्मेट घालताना ती म्हणाली, "बाबांना म्हणायचं, ऑफिससाठी घेतली. कळलं?"

"का?"

"उगीच काळजी करत बसतात."

हे एकच कारण होतं. म्हणजे हे खरं असावं. पण मग आधीची तीन कशाची होती?

घरी येताना मुलगी मागे बसून आईच्या पाठीकडे बघत होती. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता डावीकडे वळतो. तिथे आई नेहमी गाडी अशी झुकवायची, की मुलीच्या पोटात गोळा यायचा आणि तो तिला फार आवडायचा. आज आई गाडी सरळच्या सरळ ठेवून, वेग पार कमी करून, एक पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत ठेवून वळली. एक सायकलवाले आजोबा त्यांना मागे टाकून गेले. जाताना त्यांनी घंटीही वाजवली.

इमारतीच्या खाली आई भाजी घ्यायला समोरच्या दुकानात शिरली, आणि मुलगी गाडीपाशी उकिडवी बसली.

आईची विद्या, धडा दुसरा: जोडीतली एक वस्तू नवी दिसली, की दुसरीकडे बघायचं आणि विचारायचं, हिची जोडीदारीण कुठे गेली? मुलीने डावीकडची क्लचची लिव्हर पाहिली. काळपटलेली, टोकाला रंग उडालेली, हाताच्या घामाने गुळगुळीत. उजवीकडची ब्रेकची लिव्हर लखलखीत होती. उजवा आरसाही नवा. मग तिने खाली वाकून सायलेन्सर पाहिला. त्यावर कोणीतरी काळा रंग मारला होता, पण रंगाखाली बोट फिरवलं तर ओरखडे लागत होते, सगळे एकाच दिशेला.

तर असं होतं. मध्यंतरी आई गॅरेजच्या पायरीवरून घसरले म्हणाली होती. चांगली लंगडत आली होती तेव्हा. आणि त्या दिवशी तिच्या अंगात असलेली, बाबांनी शिवलेली तपकिरी पँट? "ऑईल सांडलं गं त्यावर, टाकून दिली."

"काय शोधतेयस?" आई मागे उभी होती. हातात पिशवी.

"ब्रेकची लिव्हर नवी आहे."

"सैल झाली होती जुनी," आई म्हणाली. आणि मुलगी लिव्हरकडेच बघत राहिली तशी पुढे म्हणाली, "मेकॅनिकनेच सांगितलं बदला म्हणून. आणि त्याच्याकडे पडलेलीच होती एक."

मुलीने मनातल्या मनात मोजलं आणि उठून हात झटकले.

जिन्यात ती आईच्या मागून चढत होती. एरवी ती दोन दोन पायऱ्या घेत पुढे पळायची. आज आईच मध्ये होती आणि आई कठड्याला धरून चढत होती. आता खरं तर विचारायची वेळ होती. ओळख ना पाळख अशा दुकानदाराला जिने भर दुकानात पडून पाहिलंय का म्हणून विचारलं, तिला आपल्या आईला "पडलीस का?" एवढं विचारायला काय लागत होतं? पण ती नुसत्या पायऱ्या मोजत राहिली. म्यूट.

कारण विचारलं आणि आई हो म्हणाली, तर ते बाबांपर्यंत जाणार. आणि बाबांची अट ठरलेली होती. आईने मोटरसायकल घेतली तेव्हा बाबा पेढीवर बसल्यासारखे आपल्या मशीनपुढे बसून होते. ना कौतुक, ना विरोध. फक्त धागा ओवता ओवता म्हणाले होते, "एकदा जरी पडलीस, तर गाडी विकायची. मग ती तुझी असो नाहीतर माझी." आई हसून हो म्हणाली होती. गाडी विकली, की आईचं फिरतीचं काम गेलं, तिने ऑफिसात बसून दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघायचे. ते तिला जेलसारखं वाटेल. आणि मुलीचं? लायसन्सच्या वयात बसली, की आई तिला मैदानावर हीच गाडी शिकवणार होती. हे सगळ्या मैत्रिणींना सांगून झालं होतं. चार वेळा सांगून झालं होतं. तेव्हा गप्प बसण्यात तिचाही फायदा होता. आपल्याला सत्य हवंय की मोटरसायकल, हे तिला जिन्यात ठरवता येईना, आणि त्यामुळे तिला स्वतःचाच संशय यायला लागला.

बाबांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे, खाली कतरणांची पोती. बाबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एका कोटाची बाही उसवत होते.

"आल्या वकीलबाई," ते लेकीला म्हणाले. "काय आणलंत?"

"आईला पँट," मुलगी म्हणाली, आणि लगेच पुढे, "ऑफिससाठी."

हे शब्द आपल्या तोंडून इतके सफाईने निघाले याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"उंची जरा कमी करायची आहे," आई म्हणाली. "घाई नाही हं. कधीही करा."

बाबांनी कोट बाजूला ठेवला. पिशवीतून पँट काढली. कापड चिमटीत धरून चोळलं, उलटं केलं, शिवण बघितली, नाक मुरडलं नाही. मग त्यांचा हात गुडघ्याशी गेला आणि तिथे थांबला. त्यांनी कप्प्यात दोन बोटं घालून पॅड अर्धं बाहेर काढलं, दाबलं आणि पुन्हा आत सरकवलं.

"ऑफिसात हल्ली गुडघे टेकावे लागतात का?"

मुलीला हसू फुटलं. आईला नाही.

"अहो, फॅशन आहे ती. आणि शिवाय..."

"घालून ये," बाबा म्हणाले.

आई आत गेली. मुलगी टेबलाच्या कडेला टेकून बाबांकडे बघत राहिली. आता तिचा संशय आईवरून उठून बाबांवर जाऊन बसला. बाबा टाचण्यांची डबी उघडत होते. चेहरा नेहमीसारखा, म्हणजे बंद दुकानासारखा. यांना काही कळलंय का? कळलं असतं तर गप्प बसले असते का? बाबा गप्प बसण्यात पटाईत होते, पण शब्दाला त्याहून पक्के. विकायची म्हणाले म्हणजे विकायची.

आई बाहेर आली आणि आरशापुढे उभी राहिली. पँटच्या मोहऱ्या पावलांवर गोळा झाल्या होत्या.

"इथपर्यंत," आईने घोट्याशी बोट दाखवलं.

"उभी राहू नकोस. बस."

"कुठे?"

"स्टुलावर. दोन्हीकडे पाय टाकून. गाडीवर बसतेस तशी." बाबांनी स्टूल पायाने पुढे सरकवलं. "उभ्याची उंची धरली, तर बसल्यावर पँट नडगीवर चढेल."

आई बसली. सावकाश, डाव्या बाजूवर भार देऊन. बाबा तिच्यापुढे उकिडवे बसले, तोंडात टाचण्या धरल्या आणि मोहरी दुमडायला लागले. खडूची रेघ ओढली. रस्त्यावर कोणीतरी कोणालातरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं, "येऊ द्या, येऊ द्या," आणि मग "बस बस बस!"

दोन्ही मोहऱ्या झाल्यावर बाबा उठले. फळीवर वरच्या बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी पिवळट रंगाच्या मऊ फलाणीचा तुकडा काढला. तान्ह्या बाळांच्या झबल्यांना वापरायचा तसला. तो हाताने सरळ करून त्यांनी आईच्या उजव्या खुब्यावर, पँटवरून, कापड आणि माणूस यांच्यामध्ये जेमतेम हवा राहील इतका अलगद धरला आणि कडेने खडू फिरवला.

"हे काय?" आई म्हणाली.

"आतून अस्तर लावतो. पॅडची कड घासते तिथे."

"आणि डावीकडे?" मुलीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं. भोंगा आपोआप वाजला.

बाबांनी तोंडातली शेवटची टाचणी काढून डबीत टाकली.

"डावी बाजू बरी आहे," ते म्हणाले.

आई स्टुलावर तशीच बसून होती, हात पुढे, जसं काही खरंच हँडल धरलंय. तिची नजर बाबांच्या हातातल्या फलाणीवर होती.

मुलीची नजर मात्र स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली. जेवायच्या टेबलापाशी आईची खुर्ची होती. तिच्यावर एक गादी होती, बाबांनी मध्यंतरी शिवलेली. "कतरण उरली होती," म्हणाले होते. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आता मुलीने लक्ष दिलं. गादी उजव्या बाजूला जाड होती. आपल्याला इतके दिवस वाटत होतं की बाबांचा हात चुकला. बाबांचा हात!

आई लंगडत आली त्याच आठवड्यात ती गादी खुर्चीवर आली होती.

म्हणजे हा माणूस तेव्हापासून जाणून होता. आणि ही बाई तेव्हापासून लपवत होती. आणि दोघं रोज एकाच टेबलावर बसून मीठ दे, पाणी दे करत होते. आणि गाडी खाली उभी होती, विकलेली नव्हती.

"अहो," आई अखेर म्हणाली. आवाज तिच्या नेहमीच्या आवाजाहून लहान होता. "तुम्हाला..."

"हलू नकोस, खडू सरकतो."

"मी सांगणारच होते. वळणावर वाळू होती. आणि पुढे..."

ती मध्येच थांबली. मुलीला कळलं का थांबली ते. दुसरं कारण तिच्या ओठावर आलं होतं आणि ते तिने परत आत ढकललं.

"वाळू होती," आई पुन्हा म्हणाली, आणि तेवढंच म्हणाली.

बाबांनी मान हलवली. फलाण घडी करून खांद्यावर टाकली आणि खडू कानाला लावला. ते काही म्हणणार होते का, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या हनुवटीपाशी काहीतरी हललं, पण ते टाचण्यांच्या सवयीनेही असेल. आई त्यांच्याकडे बघत होती. ते मोहरीकडे बघत होते. असेच हे दोघं आणखी महिनाभर बघत बसतील, पँट शिवून होईल, गादी चेपून जाईल, आणि कोणी कोणाला काही म्हणणार नाही. मुलीला ते डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. तिने टेबलाची कड सोडली आणि खोलीच्या मधोमध, खडूच्या भुकटीत, येऊन उभी राहिली.

"मला तुम्हाला दोघांना सांगायचंय," ती म्हणाली. पहारेकऱ्याच्या आवाजात. खाली रस्त्यावरही गेलं असेल. "मी ठरवलंय. मी वयात बसले की मोटरसायकल शिकणार. हीच. आईकडूनच. माझी पँट बाबा शिवणार, पहिल्या टाक्यापासून. आणि मी पडणार, कधीतरी पडणारच. ज्या दिवशी पडेन, त्या दिवशी चपला काढायच्या आधी दारातूनच तुम्हाला सांगणार. कुठल्या बाजूवर पडले, तेही."